मदत हवी आहे: निकालाचा रंगीत नकाशा बघून मुलं "गाव एकीकडे, शहर एकीकडे" म्हणतात, वर्गात खरं चित्र कसं दाखवू?

भूगोलाच्या_मॅडम

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. आमच्या विभागाच्या भिंतीवर २०२४ च्या लोकसभा निकालाचा महाराष्ट्राचा नकाशा लावायचं ठरलंय. मुलांनी व्हॉट्सॲपवर फिरणारा एक नकाशा आणला, एक रंग महायुतीचा, एक महाविकास आघाडीचा, सांगलीचा अपक्ष तेवढा करडा, आणि पाच मिनिटांत वर्गाचा निष्कर्ष तयार, की बघा मॅडम विदर्भ-मराठवाडा जवळपास अख्खा एका रंगात म्हणजे गावांनी आघाडीला दिलं, आणि पुणे, नागपूर, ठाणे दुसऱ्या रंगात म्हणजे शहरांनी महायुतीला.

कांदा, सोयाबीन, कापसाच्या भावाचा राग त्या निवडणुकीत होता, हे मी अजिबात नाकारत नाही. पण नकाशावरून तो निष्कर्ष निघत नाही असं माझं म्हणणं आहे, आणि ते मुलांना पटेल असं दाखवायचं कसं हे कळत नाहीये.

कारण बघा. गडचिरोली जिल्हा एकटा १४,४१२ चौ. किमी. आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघात त्याच्या जोडीला चंद्रपूर आणि गोंदियाचाही भाग येतो, तरी खासदार एकच. मुंबई साधारण ६०० चौ. किमी आणि खासदार सहा. मतदार म्हणाल तर गडचिरोली-चिमूर काय आणि मुंबईतला एखादा मतदारसंघ काय, १५ ते १७ लाखांच्याच घरात. म्हणजे कागदावर एक रंग डोळ्यात भरतो आणि दुसरीकडे सहा जागांचा मिळून एक ठिपका. आणि त्या ठिपक्यात काय आहे ते कोणी बघतच नाही! मुंबईतल्या सहापैकी चार जागा आघाडीने जिंकल्या होत्या, म्हणजे मुलं ज्याला "गावांचा रंग" म्हणतात तोच. उलट रत्नागिरी-सिंधुदुर्ग, जळगाव, रावेर हे कुठल्या अंगाने शहरी, तिथे महायुती.

दुसरं म्हणजे एकसारखा रंग भरला की सगळं सारखंच वाटतं. मुंबई उत्तर आणि मुंबई उत्तर-पश्चिम शेजारी शेजारी, दोन्ही महायुतीच्या रंगात, पण उत्तरेत फरक साडेतीन लाखांच्या वर आणि उत्तर-पश्चिमेत ४८ मतं. अठ्ठेचाळीस! आणि राज्यभराचं बघितलं तर आघाडी ३० जागा, महायुती १७, पण मतांच्या टक्केवारीत दोघांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. मग सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीला साधारण ४८ टक्के मतांवर २८८ पैकी २३० जागा, आणि नकाशा जवळजवळ उलटा. मुलं विचारतात, गावातली माणसं सहा महिन्यांत इतकी बदलली का? काही मतं नक्की सरकली, पण नकाशा जेवढा उलटला तेवढी माणसं उलटली नाहीत, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं असं मला वाटतं.

तर मदत अशी हवी आहे की क्षेत्रफळाऐवजी मतदार दिसतील असा नकाशा कसा काढायचा, त्यासाठी आकडे कुठे मिळतील, आणि कुठला मतदारसंघ ग्रामीण, कुठला शहरी हे ठरवायचं कशावरून? क्यूजीआयएस (नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर) मला येतं, कोडिंग येत नाही. कृपया पक्षांवरून भांडण नको, मुलं हा धागा वाचणार आहेत.

सातपुडा_एक्सप्रेस

मॅडम, मी मूळचा धुळ्याचा, तुम्हाला आमचाच मतदारसंघ उदाहरण म्हणून देतो, याच्यापेक्षा चांगलं मिळणार नाही. २०२४ ला काँग्रेस ३,८३१ मतांनी जिंकली, नकाशावर अख्खा धुळे काँग्रेसच्या रंगात. पण त्यात विधानसभेचे सहा भाग आहेत, धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. यातल्या पाचांत भाजप पुढे होता, आणि एकट्या मालेगाव मध्यमध्ये काँग्रेसला जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली, निकाल तिथे फिरला. त्यावरून पुढे जे राजकारण झालं ते इथे नको, पण नकाशाच्या दृष्टीने बघा, शिंदखेड्याची खेडी काँग्रेसच्या रंगात रंगली जिथे काँग्रेस मागे होती. आणि धुळे शहरही शहर, मालेगाव मध्यही शहर, यंत्रमागांचं, दोघांनी एकमेकांच्या उलट कौल दिला. मग "शहरी मत" म्हणजे नेमकं कोणाचं मत?

म्हणून माझं सांगणं, लोकसभेच्या ४८ मतदारसंघांचा नकाशा न घेता लोकसभेचा निकाल विधानसभेच्या २८८ भागांत फोडून घ्या. निवडणूक आयोगाच्या अहवालात तसे आकडे येतात.

रविवारचा_वाचक

एक वेगळं मत मांडतो. साधा नकाशा खोटा नाही हो, कोणती जागा कोणी जिंकली एवढंच तो सांगतो आणि ते बरोबर सांगतो. लोकसभेत शेवटी जागाच मोजतात. मुलांना तो नकाशा काढून टाकायला लावू नका, त्याच्या शेजारी दुसरा लावा.

भूगोलाच्या_मॅडम

@रविवारचा_वाचक पटलं, पहिला नकाशा राहू दे. माझी हरकत त्या नकाशावर नाही, त्याला विचारलेल्या प्रश्नावर आहे. जागा कोणी जिंकली हे विचारा, तो उत्तर देईल. गाव आणि शहर वेगळं मत देतात का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

@सातपुडा_एक्सप्रेस दादा, धुळ्याचं उदाहरण फारच उपयोगी, उद्याच फळ्यावर घेते.

आकडेमोड

मॅडम, आता कामाचं सांगतो. निकालाचे आकडे अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरच्या लोकढाबा या साइटवर तक्त्यात मिळतात, फुकट. मतदारसंघांच्या हद्दी डेटामीट नावाचा गट आहे त्यांनी बनवून ठेवल्यात, त्या थेट क्यूजीआयएसमध्ये उघडतात. मग सगळ्यात सोपं हे करा, की रंग भरूच नका. प्रत्येक मतदारसंघाच्या मधोमध एक वर्तुळ, वर्तुळाचं क्षेत्रफळ एकूण मतदानाएवढं (त्रिज्या नाही, क्षेत्रफळ, इथे बरेच जण चुकतात आणि मोठी वर्तुळं आणखी मोठी दिसतात), आणि रंग विजेत्याचा न देता दोन्ही आघाड्यांच्या मतांच्या फरकाप्रमाणे गडद-फिका. ४८ मतांचा मतदारसंघ मग जवळजवळ पांढरा दिसेल. मुंबई-ठाण्याला वर्तुळं एकमेकांवर चढतील म्हणून तेवढा भाग मोठा करून बाजूला काढा.

कार्टोग्रॅम, म्हणजे मतदारांच्या प्रमाणात आकार फुगवलेला नकाशा, त्याचंही प्लगिन आहे. पण मुलांना तो महाराष्ट्र ओळखू येत नाही हा माझा अनुभव, गडचिरोली चिंचोळी होते आणि मुंबई फुग्यासारखी फुगते, पाहायला मजा येते पण आपला तालुका शोधण्यातच तास जातो.

ग्रामीण-शहरी ठरवणं हे खरं अवघड काम. जनगणनेत शहरी म्हणजे एकतर नगरपालिका, महानगरपालिका, कटकमंडळ वगैरे असलेलं गाव, नाहीतर लोकसंख्या किमान ५,०००, घनता चौ. किमीला किमान ४०० आणि कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. पण हे सगळं २०११ चं आहे. पुणे महापालिकेत त्यानंतर २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली. मतदारसंघांच्या हद्दी तर त्याहून जुन्या, २००८ च्या पुनर्रचनेतल्या, त्या २००१ च्या जनगणनेवर बेतलेल्या. म्हणून दोनच खाने करू नका, शहरी लोकसंख्येची टक्केवारी घ्या. आणि नकाशासोबत एक साधा आलेख काढा, आडव्या अक्षावर ती टक्केवारी, उभ्या अक्षावर मतांची टक्केवारी, २८८ ठिपके. गाव-शहर फरक असेल तर तो तिथे दिसेल, आणि किती पसरट आहे तेही.

उदाहरणार्थ बारामती. २०२४ ला सुप्रिया सुळे दीड लाखाच्या वर फरकाने आल्या, पण पुण्याला लागून असलेल्या खडकवासल्यात सुनेत्रा पवार साधारण २० हजारांनी पुढे होत्या, बाकी पाचही भागांत मागे. इथे गाव-शहर फरक खरंच दिसतो, आणि ४८ च्या नकाशात तो पूर्ण पुसला जातो. म्हणजे नकाशा कधी नसलेला फरक दाखवतो, कधी असलेला लपवतो.

चाकरमानी_मुलगी

ताई, एक गोष्ट राहतेय. आमच्याकडे रत्नागिरीत कितीतरी घरांतली माणसं वर्षभर मुंबईला आणि मतदार यादीत नाव गावी, मतदानाला खास गाडी करून येतात. तो माणूस नालासोपाऱ्याच्या चाळीत राहतो, लोकलने कामाला जातो, आणि त्याचं मत रत्नागिरी-सिंधुदुर्गात ग्रामीण म्हणून मोजलं जातं. हे कुठल्याच नकाशात येणार नाही, पण मुलांना सांगा जरूर. आणि मतदान न केलेले? गडचिरोली-चिमूरला जवळपास ७२ टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत ५० च्या आसपास. दक्षिण मुंबईच्या रंगात निम्मे मतदार नाहीतच.

जर्सीकर

अमेरिकेत हाच घोळ दर चार वर्षांनी होतो. २०१६ च्या काउंटीवार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नकाशात ट्रम्प यांचा लाल रंग साधारण २,६०० काउंट्यांत, देशभर लालच लाल, आणि मतं मात्र क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त. उलटं पण आहे, २०२० मध्ये ट्रम्प यांना टेक्सासपेक्षा जास्त मतं कॅलिफोर्नियात पडली, ६० लाखांच्या वर, जी विरोधी डेमोक्रॅट पक्षाच्या निळ्या रंगाखाली दिसतच नाहीत. आमच्या मंडळातली मंडळी पण लाल भाग बघून "तिकडे सगळे तसलेच" म्हणतात, तेव्हा मी हेच आकडे सांगते.

सातपुडा_एक्सप्रेस

मॅडम, बूथवार हवं असेल तर फॉर्म २० बघा, राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर असतो. बरेचसे स्कॅन केलेले आहेत, आकडे हाताने टाइप करावे लागतील.

आकडेमोड

बूथवार आकडे घ्या, पण भिंतीवर लावू नका अशी कळकळीची विनंती. छोट्या गावात एक गाव एक बूथ असतो. कोणत्या वस्तीने कोणाला दिलं हे उघड्यावर आलं तर त्या लोकांना त्रास होऊ शकतो, पाण्याच्या टाकीपासून रस्त्यापर्यंत सगळं त्यावर अडतं. विधानसभा भागापर्यंतच थांबा. आणि मुलांना हेही सांगा की खडकवासल्याचा आकडा खडकवासल्यातल्या अमुक एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

भूगोलाच्या_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं, साधा ४८ चा नकाशा, शेजारी वर्तुळांचा २८८ भागांचा, खाली ठिपक्यांचा आलेख आणि मतदानाच्या टक्केवारीची वेगळी पट्टी. बूथवार काहीच नाही. आमच्या स्वतःच्या तालुक्याचं वर्तुळ बाकीच्यांसारखंच राहील, त्यावर वेगळी खूण करणार नाही.

शेवटचा एक प्रश्न, रंग कोणते घेऊ? भगवा-हिरवा-निळा घेतला की मुलं रंगावरच बोलायला लागतात.

आकडेमोड

जांभळा आणि तपकिरी घ्या, मध्ये पांढरा. ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही त्यांनाही चालतो, आणि फोटोकॉपी काढणार असाल तर एका बाजूच्या वर्तुळांची कडा तुटक ठेवा, नाहीतर काळ्या-पांढऱ्यात दोन्ही बाजू सारख्याच दिसतील.