शिणलेल्या डोक्याला जंगलाचे आवाज: कोणते, किती मोठे, कधी?

मुद्रितशोधक:
मुद्रितशोधन, हिशेबतपासणी असल्या कामात तीन-चार तासांनी एकच ओळ दोनदा वाचावी लागते. तेव्हा हेडफोनवर जंगलाचा ट्रॅक लावून काम रेटत राहिलं तर चालतं, की काम थांबवूनच ऐकायचं? आवाज किती ठेवायचा? धबधबा, पाऊस, पक्षी यांतलं काय घ्यायचं?

ध्वनिवेडा:
काम थांबवूनच. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार थकते ती मुद्दाम रोखून धरलेली एकाग्रता. पाण्याच्या खळखळीकडे लक्ष आपसूक जातं, म्हणून त्या एकाग्रतेला उसंत मिळते. प्रूफ वाचता वाचता ऐकलं तर उसंत कुठली?

पातळी ५० डेसिबलच्या आसपास. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोम विद्यापीठाच्या प्रयोगात ४० जणांना तोंडी गणितांनी ताण दिला आणि मग कारंजं व पक्षी साधारण एवढ्याच आवाजात ऐकवले. ताणात घामाबरोबर वाढणारी त्वचेची विद्युतवाहकता गोंगाटापेक्षा यात लवकर उतरली. हृदयगतीच्या चढउतारांत मात्र फरक दिसला नाही. त्यामुळे ‘मिनिटात ताण गायब’ असल्या दाव्यांवर भिस्त नको.

स्पीकर असेल तर मोबाइलचं डेसिबल ॲप कानाशी धरून पातळी लावा. हेडफोनला कसोटी एवढीच: शेजारचा नेहमीच्या आवाजात बोलला तर कळलं पाहिजे. दहा मिनिटं, स्क्रीन बंद.

रानवाट:
धबधबा नको, ओढा घ्या. जवळून ध्वनिमुद्रित केलेला धबधबा म्हणजे एकसुरी ‘स्स्स’, त्यात पक्षी बुडतात. सह्याद्रीतला शीळकरी कस्तूर उत्तम, त्याची शीळ सावकाश आणि मध्ये मोकळी जागा सोडणारी. पावशा टाळा. ‘पेर्ते व्हा’ चढत चढत जातं आणि कान पुढच्या चढाची वाट बघत बसतो. उन्हाळ्याच्या अखेरचा सिकाडांचा (झाडांवर किर्र करणाऱ्या किड्यांचा) कर्कश सूरही नको.

फाइलकडे नीट बघा. कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी माहिती साठवणाऱ्या) एमपी३मध्ये सगळ्यात आधी पाणीच बिघडतं, कारण त्यात सुटसुटीत सूर नसतात, सगळ्या वारंवारता एकदम असतात. मग खळखळ वाळू चाळल्यासारखी ऐकू येते. वेव्ह किंवा फ्लॅक या आवाज न गाळणाऱ्या प्रकारातली फाइल घ्या, नाहीतर निदान २५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) बिटरेटची एमपी३. दोन-तीन मिनिटांचा तुकडा फिरवून लावलेला असेल तर तीच शीळ त्याच जागी येते आणि मेंदू ती मोजायला लागतो. सलग वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण शोधा.

मुद्रितशोधक:
खोलीत जुना पंखा घरघरतो. आवाज वाढवून तो झाकायचा का?

ध्वनिवेडा:
नका वाढवू, दोन्ही मिळून गोंगाट होईल. दहा मिनिटं पंखा बंद ठेवा. ते जमत नसेल तर कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. ट्रॅकमध्येच वाऱ्याची घुमघुम असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १०० हर्ट्झखालचं कापून टाका, शिळेला धक्का लागत नाही.

रानवाट:
एक कळकळीची विनंती: हे ट्रॅक जंगलात स्पीकरवर वाजवू नका. विणीच्या काळात नर आपली हद्द राखायला धावून येतो आणि पिलांना भरवणं मागे पडतं.