अनुभव धागा : स्वतःचा व्यवसाय आणि ठरवून घेतलेली सुट्टी

नोकरीत रजेचा अर्ज असतो, पगार चालू असतो आणि मागे काम बघायला कोणीतरी असतं. स्वतःच्या व्यवसायात हे सगळं आपणच उभं करायचं. 'काम कमी झालं की सुट्टी घेऊ' हा बेत फसतो, कारण काम कमी झालं की आपण नवं काम शोधायला लागतो. आपापल्या धंद्यात सुट्टी नेमकी कशी बसवता आणि कुठे अडतं, ते कृपया तपशिलात लिहा.

हिशेब आणि करसल्ला

सुट्टी आधी दरात बसवा. ५२ आठवड्यांतले ६ सुट्टीचे धरले तर कमाईचे ४६ उरतात. वार्षिक उत्पन्न तेवढंच हवं असेल तर दर ५२ भागिले ४६, म्हणजे साधारण १३ टक्के वाढवावा लागतो. दर वाढवता येत नसेल तर प्रत्येक जमा रकमेतून ११.५ टक्के वेगळ्या खात्यात टाका (६ भागिले ५२). मग सुट्टीच्या आठवड्यातही घरखर्चाला इतर आठवड्यांइतकीच रक्कम मिळते. आजारपणाची तरतूद यात मोजू नका.

पैशांची ओढाताण सुट्टीत सहसा होत नाही. बिलाची मुदत ३० दिवसांची असेल तर सुट्टीत आधीच्या बिलांचे पैसे येत राहतात आणि सगळं सुरळीत वाटतं. चणचण भासते ती परतल्यावर महिनाभराने, कारण सुट्टीत बिलंच निघालेली नसतात. नवी कामं मिळवणंही थांबलेलं असतं, त्याचा फटका आणखी पुढे बसतो. म्हणून बाजूला काढलेले पैसे प्रवासावर उडवू नका, ते त्या महिन्यासाठी आहेत. निघण्यापूर्वी अर्धवट कामांचीही, झालेल्या टप्प्यापर्यंतची बिलं पाठवून द्या.

फ्रीलान्स डिझाइन

ग्राहकाला फक्त सुट्टीची तारीख कळवून भागत नाही, काम स्वीकारण्याची शेवटची तारीख सांगावी लागते. सहा आठवडे आधी पहिली सूचना, दोन आठवडे आधी आठवण. जायच्या आधीचा शेवटचा आठवडा फक्त दुरुस्त्यांसाठी. त्यात नवं काम घेतलं की ते सुट्टीत शिरतंच.

ऑटो रिप्लायमध्ये 'मधून मधून मेल बघेन' असं अजिबात लिहू नका. ते वाचल्यावर प्रत्येकाला आपली मेल त्या 'मधून मधून'मधलीच वाटते. 'तातडीचं असेल तर फोन करा' हेही टाळा. तातडी म्हणजे काय ते आधीच ठरवा, उदाहरणार्थ वेबसाइट बंद पडणं किंवा छपाई थांबणं, आणि त्यासाठी दुसऱ्या व्यावसायिकाचा नंबर त्याच्या परवानगीने द्या. परतायची तारीख एक दिवस उशिराची कळवा. तो दिवस मेल निवडण्यात जातो. मेल नव्याकडून जुन्याकडे वाचा, बरेच प्रश्न तोवर परस्पर सुटलेले असतात.

दंतचिकित्सा

आमच्याकडे सुट्टीचं नियोजन उपचारांच्या टप्प्यांवरून उलटं करावं लागतं. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात, तेव्हा शस्त्रक्रियेने दाढ काढायची असेल तर ती निघायच्या किमान दहा दिवस आधी. रूट कॅनाल अर्धवट ठेवून, तात्पुरत्या फिलिंगवर रुग्णाला सोडून जाऊ नये. ते निसटलं किंवा दुखणं वाढलं तर केसपेपर नसलेल्या डॉक्टरकडे त्याला जावं लागतं. पर्यायी डॉक्टरांकडे चालू रुग्णांची यादी, एक्स-रे आणि औषधांची अॅलर्जी हे सगळं आधी पोचलेलं हवं.

मशीन वर्कशॉप

बंद ठेवायच्या आधीच्या दिवशी: कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, मशीनच्या उघड्या बेडवर गंजरोधक तेल लावा, मेन स्विच बंद करा. कूलंटकडे (धातू कापताना थंडाव्यासाठी सोडतात त्या द्रवाकडे) विशेष लक्ष हवं. ते न फिरता पडून राहिलं आणि वर तेलाचा थर असला तर हवा पोचत नाही, जीवाणू वाढतात आणि उघडल्यावर शेडभर कुजका वास येतो. दोन-चार दिवसांची सुट्टी असेल तर वरचं तेल काढून टाकलं की पुरतं. जास्त दिवसांची असेल तर कूलंटची टाकी रिकामी करून धुऊन ठेवावी.

'बंदच आहे तर मशीनची वार्षिक देखभाल उरकू' हा मोह मला घातक वाटतो. मालकाला तिथे उभं राहावंच लागतं, मग सुट्टी कसली?

दुकान, दोन मदतनीस

अडतं ते ओटीपीवर. बँक, पुरवठादाराचं पोर्टल, कुरिअर, सगळ्यांचे कोड मालकाच्या फोनवर येतात. पासवर्ड वाटू नका, मर्यादित अधिकारांचा वेगळा युजर करून द्या. ठरलेली देणी तारीख टाकून ठेवा. किती रकमेपर्यंतचा परतावा न विचारता द्यायचा, तेही लिहून द्या.

आधी रंगीत तालीम घ्या: अर्धा दिवस, मग एक दिवस, मग सलग तीन, फोन बंद ठेवून. त्या काळात मदतनिसांना पडलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायला सांगा. त्यांची उत्तरं लिहिली की कामाची पद्धत तयार होते.

लांब सुट्टीबद्दल थोडं

न्यूयॉर्कचे ग्राफिक डिझायनर स्टीफन सॅगमाइस्टर दर सात वर्षांनी स्टुडिओ वर्षभर बंद ठेवण्यासाठी ओळखले जातात. पहिल्या वेळी काहीच न ठरवल्यामुळे सुरुवातीचा वेळ किरकोळ गोष्टींत गेला, आणि मग त्यांनी शाळेसारखं वेळापत्रक आखलं, असं त्यांनी २००९ च्या टेड व्याख्यानात सांगितलं आहे. महिन्याहून लांब सुट्टीला असा आराखडा लागतोच. मासिक ठराविक शुल्कावर काम असेल तर 'वर्षातून सलग इतके आठवडे उपलब्ध नाही, ३० दिवस आधी कळवू' हे कलम करारातच घाला. चालू करारात ते मध्येच एकतर्फी घालता येत नाही, ग्राहकाची संमती घ्यावी लागते किंवा नूतनीकरणाची वाट बघावी लागते.