मानेवर आग होते? आधी कोन तपासा

कार्ट्रिज (अख्खं डोकं बदलायचा रेझर) सोडून डबल-एज रेझर (दोन्ही कडांना धार असलेलं सुटं पातं बसवायचा) घेतल्यापासून मानेवर आग होते, अशी एकाची तक्रार आहे. लगेच पातं बदलायची घाई नको. कार्ट्रिजचं डोकं स्वतः वळतं, इथे कोन हातानेच धरावा लागतो. रेझरचं टोपण (पात्यावर बसणारा डोक्याचा वरचा भाग) गालाला टेकवा, मूठ हळूहळू खाली आणा आणि पातं केसाला लागल्याचा बारीक खरखर आवाज आला की थांबा. पातं आणि त्वचा यांत साधारण ३० अंश. दाबायचं अजिबात नाही, रेझरचं वजन पुरतं. (सवय मोडायला हेच सर्वांत जड जातं.)

मानेवरचे केस अनेकांचे सरळ खाली नाही, बाजूला वाढतात. दोन दिवस दाढी वाढू द्या, बोट फिरवून दिशा ओळखा. पहिले दोन-तीन आठवडे केसांच्या दिशेनेच, एकच फेरी. दुसरी मारायचीच तर पुन्हा फेस लावून, केसांच्या दिशेला आडवी.

पातं बसवल्यावर दोन्ही कडा सारख्या बाहेर दिसतात ना, तेही बघा. तिरकं बसलेलं पातं एका बाजूने ओरखडतं. टॉवेलने पुसू नका, धार बिघडते. ओढ जाणवली की पातं बदला, बहुधा ४-५ दाढ्यांनंतर.