जेडब्ल्यूटी दिले की सेशनची गरज संपते काय?

जुना बॅकएंडवाला: "सर्व्हरवर सेशन ठेवणे कालबाह्य झाले आहे, सही केलेले जेडब्ल्यूटी दिले की डेटाबेसकडे पुन्हा पाहावे लागत नाही," हे कालच्या लेखातले विधान वाचून राहवले नाही. सेशन म्हणजे कोण लॉग-इन आहे याची सर्व्हरने स्वतःकडे ठेवलेली नोंद; जेडब्ल्यूटी म्हणजे ती ओळख आत लिहून, सही करून वापरकर्त्याच्या हाती दिलेला मुदतीचा डिजिटल पास, म्हणजेच टोकन. मुदतीआधी टोकन रद्द कसे करायचे, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही. आमच्याकडे नोकरी सोडलेल्या एका माणसाचे खाते सकाळी ११ वाजता बंद केले, आणि संध्याकाळी लॉग चाळताना तोच गृहस्थ दुपारभर अहवाल उतरवून घेत असल्याचे दिसले. टोकनची मुदत २४ तासांची होती आणि सही अगदी खरी होती.

मूळ लेखक: मुदत २४ तासांची तुम्हीच ठेवलीत, त्याला जेडब्ल्यूटी काय करणार? अ‍ॅक्सेस टोकन, म्हणजे दर विनंतीसोबत जाणारे, १५ मिनिटांचे द्यावे, ते संपल्यावर नवे मिळवून देणारे रिफ्रेश टोकन डेटाबेसमध्ये नोंदवून दर वापराला बदलावे, आणि वापरलेले टोकन पुन्हा आले तर चोरी समजून सगळी साखळी रद्द करावी.

जुना बॅकएंडवाला: म्हणजे पुढच्या दाराने हाकललेले सेशन मागच्या दाराने घरात घेतलेत!

कुकीपंथी: पण टोकन ब्राउझरमध्ये ठेवता कुठे? लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे स्क्रिप्टला खुल्या असलेल्या ब्राउझरमधल्या साठ्यात, ठेवले की पानात घुसलेली कोणतीही परकी स्क्रिप्ट ते वाचून घेऊन जाते, हे सांगून माझा घसा बसला. एचटीटीपी-ओन्ली कुकी वापरा; ती ब्राउझर आपणहून सर्व्हरला पाठवतो, पण स्क्रिप्टला वाचता येत नाही.

मूळ लेखक: त्या स्क्रिप्टला कुकी वाचता आली नाही, तरी त्याच पानातून वापरकर्त्याच्या नावाने विनंत्या पाठवता येतातच. वर सीएसआरएफचा, म्हणजे परक्या संकेतस्थळाने वापरकर्त्याच्या कुकीच्या जोरावर त्याच्या नावाने विनंती करवून घेण्याचा, धोका पत्करायचा तो वेगळाच.

कुकीपंथी: परक्या संकेतस्थळावरून निघालेल्या बहुतेक विनंत्यांसोबत कुकी जाऊ न देणारे सेमसाइट लॅक्स लावल्यावर ती भीती कोणाला घालता?

निस्तरणारा: ज्याने खाते हटवण्याची सोय गेट विनंतीवर, म्हणजे नुसता दुवा उघडण्यावर, ठेवली, त्याला. परक्या संकेतस्थळावरच्या दुव्यावर क्लिक केले की लॅक्स असूनही कुकी सोबत जाते. एका प्रकल्पात हा घोळ मी स्वतः निस्तरला आहे.

कुकीपंथी: गेटवर खाते हटवणाऱ्याचे पाप माझ्या कुकीच्या माथी कशाला मारता?

जुना बॅकएंडवाला: कुकीपुराण आवरा. अनेक सेवा असतील तिथे प्रत्येकीला सार्वजनिक किल्लीने, म्हणजे सही तपासता येते पण करता येत नाही अशा किल्लीने, सही स्वतःच पडताळता येते, एवढा फायदा मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र हेडरमध्ये, म्हणजे टोकनच्या सुरुवातीच्या भागात, अल्गोरिदम (सहीची पद्धत) 'नन', म्हणजे 'काही नाही', लिहिलेले बिनसहीचे टोकन खरे मानणाऱ्या लायब्ररी २०१५ साली उघडकीस आल्या होत्या, त्यामुळे टोकन सांगेल तो अल्गोरिदम न स्वीकारता सर्व्हरनेच तो ठरवावा, हे तरी लेखात घाला.

मूळ लेखक: घातले. शिवाय "डेटाबेसकडे पुन्हा पाहावे लागत नाही" या वाक्यात "पुन्हा" खोडून "१५ मिनिटे" केले आहे. आपले समाधान झाले असावे.