चेकपोस्टची रांग आणि टोलनाका

वसईकर
कालच्या इस्रायलच्या धाग्यावर नितीनरावांनी लिहिलंय, "नाक्यावर तासभर खोळंबा झाला म्हणून पॅलेस्टिनींनी गळा काढू नये, आपण खालापूर टोलनाक्यावर तेवढंच थांबतो." रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा.

टोल भरला की फाटक उघडतं. तिथे उघडेलच असं नाही. वेस्ट बँक म्हणजे 1967 च्या युद्धापासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनी प्रदेश. 1995 च्या इस्रायल-पॅलेस्टिनी करारात त्याचे अ, ब, क असे तुकडे पडले. क भाग, म्हणजे जवळपास 60 टक्के जमीन, पूर्ण इस्रायली लष्कराच्या ताब्यात, आणि बाकीचे तुकडे त्यात विखुरलेले. त्यामुळे एका पॅलेस्टिनी गावातून दुसऱ्या पॅलेस्टिनी गावात जातानाही सैनिक आडवा येतो. गावाच्या तोंडाशी लोखंडी फाटक. आज का बंद, कधी उघडणार, कुणी सांगत नाही. गाडीत बाळंतपणाची बाई असली तरी.

चर्चच्या ग्रुपबरोबर आम्ही जेरुसलेमहून वेस्ट बँकमधल्या बेथलेहेमला गेलो होतो. परतताना नाक्यावर एक सैनिक मुलगी बसमध्ये चढली, दोन-चार पासपोर्ट वरवर चाळले आणि उतरली. पलीकडे जाळीच्या अरुंद बोळात माणसं एकमेकांना चिकटून उभी. एक म्हातारी फिरत्या गजांच्या फाटकात पिशवीसकट अडकली होती. तिकडच्या बहुतेक पॅलेस्टिनींना शेजारच्या जेरुसलेमला जायला लष्कराचा परवाना लागतो, आम्हा वसईच्या माणसांना नाही. हे टोलनाक्यात बसवून दाखवा.

नितीन_डोंबिवली
म्हातारीचं मलाही वाईट वाटतं. पण नाके कुणी हौसेने लावले नाहीत. मार्च 2002, इस्रायलमधल्या नेतान्याचं पार्क हॉटेल, सणाच्या जेवणाला बसलेली 30 माणसं पॅलेस्टिनी आत्मघाती स्फोटात मेली. त्याच वर्षी वेस्ट बँकला वेगळं काढणाऱ्या भिंतीचं, म्हणजे काही ठिकाणी कुंपणाचं, काम सुरू झालं, पुढे स्फोट कमी झाले. हा भाग तुम्ही सोयीस्कर गाळता.

रेवदंड्याची_लेक
माझी आत्या इस्रायलमध्ये अश्दोदला असते, घरात अजून मराठीच बोलतात. त्या वर्षांत ती दोन्ही मुलांना वेगवेगळ्या बसने पाठवायची. एका बसमध्ये स्फोट झाला तरी दुसरं हाती राहावं म्हणून. वसईकर, तिच्यासमोर बसून हे लिहिलं असतंत का?

मृण्मयी के
आत्याची भीती खरी आहे, त्यावर वाद नाही. पण भिंत सुरक्षेसाठीच होती तर ती 1967 च्या युद्धाआधीच्या सीमेवर बांधायची. आखलेल्या मार्गाचा सुमारे 85 टक्के भाग वेस्ट बँकच्या आतून जातो, कारण वेस्ट बँकमध्ये वसवलेल्या इस्रायली वसाहती कुंपणाच्या इस्रायलकडच्या बाजूला घ्यायच्या होत्या. वेस्ट बँकमधलं बिलीन गाव बघा. 2007 मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथला मार्ग सुरक्षेच्या गरजेने ठरलेला नाही, मोदीईन इल्लित या इस्रायली वसाहतीच्या वाढीव वस्तीसाठी आखलाय. ऑलिव्हची झाडं पलीकडे आणि शेतकरी अलीकडे.

नितीन_डोंबिवली
बरं, बिलीन मान्य. पण निकाल इस्रायलच्या कोर्टानेच दिला ना? शेजारच्या कुठल्या देशात असा निकाल लागतो?

मृण्मयी के
निकाल लागला 2007 ला, कुंपण हललं 2011 ला. तोवरचे ऑलिव्हचे हंगाम कुणी भरून द्यायचे?

शटरिंगवाला
इथे सगळे पुस्तकी बोलताय. माझा मावसभाऊ 2024 ला तिकडे बांधकामावर गेला. जाहिरातीत महिना 1 लाख 37 हजार होते, इथे त्याच्या निम्मेही कुणी देत नाही. ऑक्टोबर 2023 नंतर पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने रद्द झाले म्हणून जागा निघाल्या. त्याने काय पाप केलं?

वसईकर
पाप कुणी म्हटलं? पण ज्याची जागा भरली तोही कुणाचा तरी मावसभाऊच.

शटरिंगवाला
मग कर्जाचे हप्ते तुम्ही भरता का? सांगा की. रोहतकला, लखनौला रांगा लागल्या होत्या, हौस होती का पोरांना युद्धात जायची? घरात बसून दुसऱ्याच्या पोटावर बोलायला काय जातंय!

रेवदंड्याची_लेक
भाषा सांभाळा. आणि परवाने हमासच्या हल्ल्यानंतर रद्द झाले, हेही लिहा.

मृण्मयी के
हल्ला गाझातून झाला. परवाने लाखभराहून जास्त वेस्ट बँकवाल्यांचेही गेले.

नितीन_डोंबिवली
धागा कुठल्या कुठे गेला. माझ्यापुरतं सांगतो, टोलनाक्याची तुलना मागे घेतो. वेस्ट बँकमधल्या हेब्रोन शहरात काही शे इस्रायली वसाहतवाल्यांसाठी शुहादा रस्त्यावरची दुकानं वर्षानुवर्षं बंद ठेवणंही मला पटत नाही. पण नाके हटवा म्हणाल तर नाही. आधी हल्ले थांबू देत.

वसईकर
सीमेवरच्या नाक्याबद्दल मी बोलतच नाहीये. वेस्ट बँकच्या आतच, नाब्लुसहून रामल्लाहला जाणाऱ्या रस्त्यावरचा नाका तुमच्या आत्याला कसा वाचवतो, रेवदंडा, तेवढं सांगा.