मदत हवी आहे : वडिलांच्या फोटोतलं मिग-२१ नेमकं कोणतं?

नमस्कार मंडळी,
माझे वडील नाशिकजवळ ओझरच्या एचएएलमध्ये (विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात) फिटर होते. परवा त्यांची जुनी पत्र्याची पेटी उघडली, त्यात एक कृष्णधवल फोटो सापडला. ते आणि चार सहकारी एका मिग-२१ लढाऊ विमानासमोर उभे आहेत, आणि वडिलांच्या हातात पाना! फोटोमागे तारीख नाही. शेपटीवरचा नंबर बोटाच्या डागाखाली गेलाय, फक्त 'सी' दिसतो.

मला एवढं माहीत आहे की हवाई दलात मिग-२१ १९६३ मध्ये आलं आणि ओझरचा कारखाना १९६४ मध्ये या विमानांसाठीच उभा राहिला. तिथे आधी एफएल (टाइप ७७), मग एम, मग बिस अशी मिग-२१ चीच वेगवेगळ्या प्रकारची विमानं झाली. ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर १४ डिसेंबर १९७१ ला रॉकेटं डागली ती एफएलनीच. त्यामुळे मनातून वाटतं, हे एफएल असावं. पण नुसतं वाटून काय उपयोग?

फोटोत एका पंखाखाली एकच पायलन (बॉम्ब, क्षेपणास्त्रं टांगायचा आधार) दिसतो. एमला प्रत्येक पंखाखाली दोन असतात ना? की दुसरा काढून ठेवलेला असू शकतो? नाकावरची पिटो नळी (हवेचा दाब घेऊन वेग मोजायची) मधोमध आहे की उजवीकडे सरकलेली, हे कोनामुळे नीट कळत नाही. कॉकपिटमागचा कणा (पाठीवरचा लांब उंचवटा) मात्र बारीक वाटतो.

हवाई दलात किंवा ओझरला काम केलेलं कुणी इथे आहे का? आणखी काय बघू, सांगाल का? आईला फोटो फ्रेम करून द्यायचाय, खाली विमानाचं नाव बरोबर हवं.