छोट्या देशाचं संरक्षण मोठ्या मित्राकडं: करारात नेमकं काय असतं?

लातूरकर: लढाऊ विमानं नसलेल्या देशांचं आकाश कोण राखतं? आणि नाटो या लष्करी आघाडीच्या कराराचं कलम ५ म्हणजे हल्ला झाला की सगळे आपोआप युद्धात, असं नोट्समध्ये आहे. बरोबर का?

परभणीकर: ती ओळ खोडाच. १९४९ च्या करारानुसार एकावरचा हल्ला सगळ्यांवरचा, हे खरं; पण मदत कोणती नि किती, ते प्रत्येक देश स्वतः ठरवतो.
एस्टोनिया, लाटविया, लिथुआनियाकडं लढाऊ विमानं नाहीत. २००४ पासून इतर सदस्य पाळीपाळीनं, साधारण चार-चार महिने, लिथुआनियातल्या शाउलियाई तळावर विमानं ठेवतात. २०१४ पासून एस्टोनियातल्या आमारीवरही. धावपट्टी नि तळाची व्यवस्था यजमानाकडं. डोकेदुखी असते ती ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र) बंद ठेवून, उड्डाणाची माहिती न देता येणाऱ्या रशियन लष्करी विमानांची. ती जवळ जाऊन डोळ्यांनी ओळखावी लागतात.

धाराशिवकर: खर्चाचं कलम आधी वाचा, खरी मेख तिथं असते. निजामानं १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज घेतली, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या पलटणी मोडल्या. पुढं कंटिन्जंट (निजामाच्या पैशानं, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या) फौजेच्या खर्चाची थकबाकी चढत गेली आणि १८५३ मध्ये वऱ्हाड, रायचूर दोआब नि आपला धाराशिव-नळदुर्ग भाग कंपनीकडं गेला. १८६० मध्ये धाराशिव परत मिळालं, वऱ्हाड नाही.

लातूरकर: आज असं सगळं संरक्षण कुणी दुसऱ्याच्या हवाली करतं?

परभणीकर: पलाऊ, पॅसिफिक महासागरातला छोटा बेटांचा देश. १९९४ पासून संरक्षण अमेरिकेकडं, बदल्यात आर्थिक मदत. दुसऱ्या देशाच्या सैन्याला तिथं मज्जाव करायचा अधिकारही अमेरिकेचाच.